नाल्यातला भैरोबा

मावला, ता. ११ फेब्रुवारी १९५६

चि. सौ. जयवंता,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस तर न फोडताच चुलीत घालशील, म्हणून पत्ता आदिलाबादला आपल्या दुकानात आलेल्या एका पटवाऱ्याकडून लिहून घेतला आहे. शेतसाऱ्याची काही भानगड असेल असं उद्धवरावांना वाटेल आणि ते तुला पाकीट फोडायला लावतील. आता फोडलंसच आहे तर शेवटपर्यंत वाच. भांडायला लिहीत नाही. एक विचारायचं आहे.

आपला भैरोबा आतून कोणत्या रंगाचा होता?

हसू नकोस. मी गंभीरपणे विचारतोय. तू त्याला शेवटचं हातात घेतलं होतंस, म्हणून तुलाच विचारणार. त्या दिवशीची हकीकत मी मायकडून ऐकली आहे, तुझ्याकडून कधीच नाही. तेव्हा मला जे ठाऊक आहे ते लिहितो, चुकलं असेल तिथे दुरुस्त कर.

रझाकारांच्या त्या आषाढात मी आशाला आणि लेकरांना घेऊन आधीच पैनगंगेपलीकडे पांढरकवड्याला पोचलो होतो. मायला ताप होता म्हणून तू तिच्यापाशी राहिलीस. दोन दिवसांनी गावात हूल उठली. डोमाजीने गाडी जुंपली, तू मायला तीत घातलंस, आणि माय म्हणाली, "देव घे." तू देव्हाऱ्यातून भैरोबा उचललास. पण नदीच्या वाटेवर झडती होते, बायांच्या गाठोड्यांत हात घालतात, असं कानावर आलं होतं. कोणाच्या लाथेखाली जाण्यापेक्षा देव आपल्याच मातीत राहिलेला बरा, असं तुझ्या मनाने घेतलं. नाल्याच्या काठी दगडांची रास आहे, तिच्यात तू त्याला ठेवलास आणि वर दगड रचून खूण केलीस. दगडांतून दगड कोण चोरणार? मी असतो तर मीही हेच केलं असतं. हे मी तेव्हा मायसमोर बोललो नाही, आज तुला लिहितोय.

आश्विनात आपण परत आलो तोवर नाल्याला पूर येऊन गेले होते. खूण गेली होती, शेंदूर धुऊन गेला होता, आणि नालाभर नुसते दगड. पिढ्यान्‌पिढ्या आपण ज्याला नैवेद्य दाखवला, त्याचं शेंदराखालचं तोंड घरातल्या एकानेही पाहिलेलं नाही, हे आपल्याला तिथे उभं राहिल्यावर कळलं. माय तेव्हा जे बोलली ते सगळ्या गल्लीने ऐकलं. "देव पाण्यात टाकला अन् सोताचा जीव घेऊन आली." तू दुसऱ्या दिवशीच्या गाडीने किनवटला सासरी गेलीस, ती गेलीसच. आठ वर्षं होत आली. पहिल्या भाऊबीजेला मी आलो तर तू ओवाळलंस, जेवू घातलंस, आणि निघताना म्हणालीस, "मायनं बोलावलं तवाच येईन, दादा. तवर तू बी येऊ नको." मी मूर्ख, खरंच आलो नाही.

पण नाला मी सोडला नाही. दुकान बंद केलं की पिशवी घेऊन जायचं, भरताच्या वांग्याएवढा दिसेल तो दगड उचलायचा. आणल्यावर प्रश्न असा, की हा तो की नाही हे ओळखायचं कसं? म्हणून धुऊन बघायला लागलो, मग घासून बघायला लागलो. घासता घासता मला नादच लागला, बाई. बाहेरून नुसता मातकट गोटा असतो, घासला की आत दुधाच्या सायीसारखे पदर निघतात. बाजारात सुऱ्यांना धार लावणारा शिकलगार त्याला सुलेमानी म्हणतो. आता मला पुष्कळ कळतं. सुरीने ओरखडा उठला तर चुनखडी, सुरीच बोथटली तर गारगोटी. जिभेला चिकटला तर भट्टीतल्या विटेचा तुकडा. आशा म्हणते, "लोकायचे नवरे दारू पेतेत, माहा नवरा दगड चाटते." तिची चंदनाची सहाण मी घासून घासून बशीसारखी खोलगट केली, तेव्हापासून घरात मला मान नाही.

मायच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजेड-अंधार कळतो, माणूस आवाजावरून ओळखते. रोज दिवेलागणीला मी दगड तिच्या ओच्यात देतो. ती एकेक चाचपते, "नाई" म्हणते आणि बाजूला ठेवते. तुझं नाव घेत नाही. पण गाडीची शिटी ऐकली की विचारते, "किनवटवरून आली का जाऊन राह्यली?"

मला तू घरी यायला हवी आहेस. मायच्या डोळ्यांत उरलासुरला उजेड आहे तोवर. देव सापडल्याशिवाय ती बोलावणार नाही आणि तिने बोलावल्याशिवाय तू येणार नाहीस. दोघी एकाच खाणीतल्या. म्हणून विचारतो, रंग कोणता होता?

तुझा दादा,
भगवंत


मावला, ता. ३ एप्रिल १९५६

चि. सौ. जयवंता,

तुझं कार्ड पोचलं. आठ वर्षांनी पत्र लिहायचं आणि त्यात दोन ओळी! "आतून कोणी पाहिला नाही. शेंदराची खोळ जाड होती." तेवढ्यावर मी गल्लीत पेढे वाटायचा बाकी होतो. मायला कार्ड आल्याचं सांगितलं नाही, पण आशाच्या पोटात काही राहत नाही. त्या दिवशी मायने भाकर अर्धी जास्त खाल्ली.

आता रंगाचं राहू दे. आकार सांग. उंची वीतभर होती का कमी? बूड सपाट होतं का त्याला खाली तांदूळ घालून बसवायचो? डावीकडे थोडा झुकल्यासारखा होता असं मला वाटतं, पण तो देव्हारा वाकडा असल्यामुळेही असेल. वजन केवढं? तू पदरात धरून नाल्यापर्यंत नेलास, तुला अंदाज असणार. हे सगळं नुसतं शोधायला सोपं जावं म्हणून हं.

इकडे मी एक शोध लावला आहे, तो उद्धवरावांनाही सांग. हाताने घासून माझी बोटं सोलून निघाली, म्हणून मी डालड्याचा एक डबा घेतला, त्यात गोटे, शिकलगाराकडची कुरुंदाची पूड आणि पाणी घातलं, झाकण डांबराने बंद केलं, आणि डोमाजीच्या गाडीच्या चाकाला, आऱ्यांच्या मधोमध तारेने आवळला. डोमाजी कापूस घेऊन जिनिंगला जातो आणि रिकामा परत येतो. चाक फिरतं, डबा फिरतो, गोटे एकमेकांना घासतात. कापसाचा सगळा हंगाम माझे दगड बाजारात जाऊन आले. पहिल्या दिवशी आवाजाने बैल असे उधळले की डोमाजीने माझ्या सात पिढ्या काढल्या. आता बैलांनाच सवय झाली आहे. परवा डबा काढला तर उभेच राहिले, पुढे पाऊल टाकेनात. डोमाजी म्हणतो, "भगवंतराव, आता मेल्यावर बी हा डबा माह्या तिरडीले बांधसान तुमी."

डबा उघडला तेव्हा तू हवी होतीस. त्यात एक तांबडा गोटा निघाला, त्याच्यावर लाकडासारख्या रेघा. मी म्हटलं, चुकून लाकूड पडलं. सुरी लागेना. अख्खं झाड कधीकाळी दगड झालं आहे, जयवंता, सालीसकट. मी तो खिशात घालूनच दुकानात बसतो. गिऱ्हाईक मीठ मागतं आणि मी त्याला दगड दाखवतो. धंदा बसायचाच, तो बसला आहे.

आकाराचं नक्की कळव.

भगवंत


मावला, ता. १९ जून १९५६

चि. सौ. जयवंता,

हो, तू ओळखलंस. लहानपणी मी गूळ खाऊन मडक्यात खडे भरून ठेवायचो तेव्हाही तूच ओळखायचीस. आता लपवत नाही. मी भैरोबा घडवतोय.

नाल्यातलाच काळा दगड निवडला आहे, आपल्याच पाण्यातला. तू लिहिलंस तसं वीतभर उंच, बुडाशी रुंद, वर निमुळता. त्याच्या एका अंगाला फुगवटा होता, तो शिळेवर घासून उतरवतोय. बेताने घासतो, कारण नवा घासलेला दगड हाताला करकरीत लागतो. शेवटी राखेने, मग तेलाच्या फडक्याने मऊ करणार. चांदीचे डोळे पुरात वाहून गेले असं सांगू.

तू लिहितेस, खोटा देव देव्हाऱ्यात बसवायचा नाही, पाप आहे. मी पुष्कळ विचार केला. पहिला भैरोबा तरी कोणी आणला होता? आपल्याच कोण्या पणज्याने याच नाल्यातून. त्यालाही त्या दिवशी कोणी सही-शिक्क्याचा दाखला दिला नसेल. शेंदूर लागला, घरातल्यांनी हात जोडले, झाला देव. मग मी जोडले तर का होणार नाही? तुला पटणार नाही, ठाऊक आहे. मलाही पुरतं पटलेलं नाही. पण मायचं वय बघ आणि मग बोल.

आणखी एक गोष्ट आहे. दुकानात येणारा प्रत्येक माणूस हल्ली एकच बोलतो, तुझं किनवट मुंबई राज्यात जाणार आणि आम्ही तेलुगूवाल्यांत राहणार. तहसिलीत उर्दू होती तोवर सगळेच सारखे अडाणी होतो. आता शाळेत तेलुगूचा मास्तर आला आहे, चांगला माणूस आहे, मला गारगोटीला तेलुगूत काय म्हणतात ते सांगतो आणि मी लगेच विसरतो. पण माय विचारते, "म्हंजे किनवट दुसऱ्या राजाचं होणार का?" मी म्हणतो, आता राजे नाहीत. तरी तिच्या मनात जुना करोडगिरीचा नाकाच आहे, तिथे शिपाई गाठोडी सोडून बघतात. नाका होण्याआधी तू एकदा यावीस असं तिला वाटतं. ती तसं बोलत नाही, नुसतं नाक्याचंच विचारत राहते.

तुला खोटं बोलायचं नाहीच. खोटं मी बोलतो. तू फक्त ये.

भगवंत


मावला, ता. ७ ऑक्टोबर १९५६

चि. सौ. जयवंता,

झालं! मायने हो म्हटलं!

नीट सांगतो. घट बसायच्या दिवशी सकाळी न्हाऊन आलो, दगड ओल्या फडक्यात गुंडाळला आणि मायपुढे बसलो. डोमाजीही कसल्याशा निमित्ताने येऊन ओसरीत बसला होता. त्याला सगळं ठाऊक आहे. गाडीच्या चाकाला बांधून शेवटचा हात त्याच्याच बैलांनी दिला आहे ना. मी म्हणालो, "माय, नाल्याच्या वळणावर उंबर पडला, त्याच्या मुळात अडकून होता. जरा पाह्य."

मायने तो मांडीवर घेतला. रोजच्यासारखं चटकन "नाई" म्हणाली नाही. आधी बुडाखाली हात घातला, मग दोन्ही हातांनी वरपर्यंत आली, मग पुन्हा खाली. पाठीवर हात ठेवून बराच वेळ बसली. मी खरं सांगून मोकळा होणारच होतो. आशा दारात पदर तोंडाला लावून उभी.

मग माय म्हणाली, "हाच."

आणि म्हणाली, "शेंदूर आन. तेल आन. उघडा काऊन ठेवला इतका वेळ?"

शेंदूर तिने स्वतः लावला. आम्ही सगळे पाया पडलो. डोमाजीने नारळ फोडला तो इतका जोरात, की अर्धा अंगणात गेला. आशा रडली, मीही रडलो, का ते मलाच कळलं नाही. देव खोटा होता, पण रडू खरं होतं, हे मी तुझी शपथ घेऊन सांगतो.

हात पुसता पुसता माय म्हणाली, "जयवंताले लिव. दिवाळीले ये म्हणाव. मायनं बोलावलं म्हणाव." हे तिचे शब्द आहेत, माझा एकही नाही. तुझी अट पुरी झाली. उद्धवरावांना घेऊन ये. मी स्टेशनवर डोमाजीची गाडी आणतो, डबा काढून ठेवायला लावतो.

तुझा आनंदात असलेला दादा,
भगवंत


आदिलाबाद, दुकानातून, ता. २५ ऑक्टोबर १९५६

जयवंता,

तुझं पत्र वाचून मी गिऱ्हाइकाला साखरेऐवजी मीठ दिलं. तो परत येऊन भांडून गेला, आता तुझ्याशी भांडतो.

तू येणार नाहीस! एवढा मी घासघासून मेलो, माय हो म्हणाली, शेंदूर लागला, आणि आता बाईसाहेब म्हणतात येणार नाही. तुझं वाक्य मी दहादा वाचलं. "मायनं मला नाही बोलावलं, दगडानं बोलावलं. उद्या तिला खरं कळलं तर ती मला पुन्हा घालवील, आणि दुसऱ्यांदा मला ते सोसणार नाही."

तिला कळणार कसं? मी सांगणार नाही, तू सांगणार नाहीस, डोमाजीला सांगायची हिंमत नाही. तू उगाच भिते आहेस. तू हट्टी आहेस, माय हट्टी आहे, आणि तुमच्या दोन जात्यांमध्ये मी दाण्यासारखा भरडला जातोय. माझा दगडांचा नाद बरा, निदान घासलं की ते गुळगुळीत तरी होतात.

माय रोज विचारते, "आलं का जयवंताचं पत्र?" मी म्हणतो, डाक उशिरा येते, राज्य बदलतंय. किती दिवस म्हणू?

रागात लिहिलं. टाकायच्या आधी पुन्हा वाचलं. त्या सकाळी तू एकटी स्टेशनवर गेलीस, पोचवायला मीही आलो नाही. मायला वाईट वाटेल म्हणून घरात बसलो. तू भितेस ते उगाच नाही.

तरीही ये म्हणतो.

भगवंत


मावला, ता. १ नोव्हेंबर १९५६

माझी लाडकी बहीण जयवंता हिला,

हे पत्र डाकेत टाकत नाही. आपल्या गल्लीतले यशवंतराव आज दुपारच्या गाडीने नांदेडला लेकीकडे चालले आहेत, ते किनवटच्या फलाटावर उद्धवरावांच्या हाती देतील. म्हणून घाईत आहे, अक्षराकडे बघू नकोस.

आज सकाळी गावात ढोल वाजत होते. नवं राज्य झालं. कचेरीवर झेंडा, शाळेतल्या पोरांना लाडू. मी पाहून आलो. सगळे खूष होते असं नाही आणि सगळे दुःखी होते असंही नाही. ज्याची सोयरीक पलीकडे गेली तो गप्प होता. घरी आलो तर माय देव्हाऱ्यापुढे बसलेली. मला म्हणाली, "वाजंत्री कायची?" मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे गेलं किनवट."

मग म्हणाली, "तिचं पत्र येऊन आठ दिस झाले. तुया खिशात हाय. वाच."

आशाने सांगितलं असणार. मी म्हणालो, तिला बरं नाही, उद्धवरावांना काम आहे, असं बरंच काही. माय म्हणाली, "वाच, भगवंता." लहानपणी चोरी पकडल्यावर ज्या आवाजात म्हणायची त्या आवाजात. मी वाचलं. अडखळत, पण सगळं वाचलं. दगडानं बोलावलं, हेसुद्धा वाचलं. आता घर डोक्यावर घेईल म्हणून मी वाट बघत बसलो.

ती शांतपणे म्हणाली, "हा भैरोबा नाई, हे मले त्याच दिवशी समजलं."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"त्याच्या पाठीवर खाच होती," माय म्हणाली. "अंगठा बसंल येवढी. म्या लगन होऊन आली तवापासून रोज सकाळी त्याले उचलून पुसाची, माहा अंगठा तिथंच बसे. माह्या सासूचा बी तिथंच बसत असंल. म्या तुले कवाच सांगतली नाई ते खाच."

"काऊन नाई सांगतली?" मी विचारलं.

"सांगतली असती त तू तेही कोरली असती."

जयवंता, मी हसलो. मला आवरेना. पण ती हसली नाही, मग मीही थांबलो. मी विचारलं, "मंग हाच म्हणून काऊन म्हणली?"

माय देव्हाऱ्याकडे तोंड करून बोलायला लागली, ते मी जसंच्या तसं लिहितो, एक शब्द इकडेतिकडे करत नाही.

"तू दगडं आनून राह्यला होता, मी नाई म्हणून राह्यली होती. येक दिस मनात आलं, हे आंधळी म्हातारी नाई नाई म्हणताच मरंल, अन् लेक तिकडं राहून जाईन. त्या दिशी मले ताप होता. जयवंतानं मले उचलून गाडीत घातलं. आपलं लुगडं माह्या आंगावर टाकलं, अन् सोता भिजत बसली. सारा रस्ता माहे पाय मांडीवर घेऊन होती. पांढरकवड्याले गेल्यावर म्या डोळे उघडले, त पयले देवाचं इचारलं. पोरी, तू कशी हायेस, हे नाई इचारलं. देव संग असता त म्या इचारलं असतं का, ते बी मले ठाव नाई. माहं चुकलं, भगवंता. देवाचं नाई, माहं."

मग ती रडली. मी मायला रडताना बाबा गेले तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आज. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. आशा चूल सोडून आली आणि तीही बसली.

थोड्या वेळाने मीच विचारलं की आता या देवाचं काय करायचं? परत नाल्यात ठेवू का? माय एकदम सावरली आणि रागावली. "शेंदूर लागला, घट झाले त्याच्यापुढं, आता कसा काढतोस? राहू दे. अन् हे पाह्य, त्याले पाठीवर पुसत जा रोज, येकाच जागी." डोमाजीला हे सांगितलं तेव्हा त्याने जोडे काढून आत येऊन पुन्हा नमस्कार केला.

तुझ्या पत्राचं मी विचारलं की आता काय लिहू? माय म्हणाली, "तिनं येत नाई म्हणलं ते बराबर म्हणलं. ज्यानं घालवलं त्यानं जाव लागते. मीच जाते." मी म्हणालो, तुला दिसत नाही, गाडीत गर्दी असते, दिवाळीचे दिवस. म्हणाली, "तू कायले हायेस?" मग तिने एकच चौकशी केली, नाक्यावर शिपाई झडती घेतात का. मी म्हणालो, नाका नाहीच, गाडी सरळ जाते. तिचा विश्वास बसलेला नाही. गाठोड्यात लपवण्यासारखं काही ठेवू नको म्हणून आशाला दोनदा बजावलं आहे.

तेव्हा भाऊबीजेच्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही दोघं येतोय. उद्धवरावांना म्हणावं, मायला डब्यातून उतरवायला हात द्यावा लागेल, पायरी उंच आहे. मी येताना काही चांगले गोटे आणतोय, आणि तुमच्याकडे नदीची वाळू बघायला मला एक सकाळ सोडावी लागेल, हे आधीच सांगून ठेवतो. ओवाळणीत तुला दगड मिळणार नाही, भिऊ नकोस, दिवाळीला येशील म्हणून लुगडं आधीच आणून ठेवलं आहे. रंग मायने निवडला, म्हणजे दुकानदाराला विचारून विचारून त्याला दमवला.

आणखी एक, आणि हे वाचताना खाली बस.

मुलीला लेकरू होईतो तिच्या घरी आईने पाणी पिऊ नये, हा नेम मायने तुझ्या लग्नापासून पाळला. तुझ्या दारात आली तरी ओसरीतून परत गेली. तुला किती लागलं असेल ते तू कधी बोलली नाहीस, आणि आम्ही कोणी विचारलंही नाही. आज मी तिच्या वाटेसाठी भाकरी बांधून द्यायला आशाला सांगत होतो, तर माय आतून म्हणाली, "माह्यासाठी काई बांधू नको व. जयवंताले लिव, मी पाह्यटपासून काई खाणार नाई, तिच्या हातचंच जेवीन."

जयवंता, माय तुझ्या घरी जेवायला येते आहे.

तुझा दादा,
भगवंत